ट्रॉली मध्येच उलटी फिरते तेव्हा: मॉडेल ट्रॉलीच्या सेन्सर सर्किटमधला नॉइज कसा शोधायचा आणि कसा घालवायचा

एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन आपोआप परत फिरणारी मॉडेल ट्रॉली, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेत रुळावर धावणाऱ्या ट्रामची छोटी प्रतिकृती, बघायला फार सुंदर दिसते. टोकाशी सेन्सर, सेन्सरवरून फ्लिपफ्लॉप (इशारा मिळाला की उलटणारं आणि तसंच राहणारं सर्किट), फ्लिपफ्लॉपवरून रिले (विजेने चालणारा स्विच) आणि रिलेने बदललेली पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल, एवढीच सगळी यंत्रणा. टेबलावर ती बिनचूक चालते. रुळावर ट्रॉली सोडली की मात्र ती मध्येच थबकते, उलटी फिरते किंवा टोकाला पोचूनही फिरत नाही. सेन्सर बदलला, बोर्ड बदलला, तरी दुखणं जात नाही. कारण बहुतेक वेळा सेन्सरही चांगला असतो आणि बोर्डही. मधल्या वायरिंगमधून भलताच सिग्नल आत शिरत असतो. त्यालाच नॉइज म्हणतात.

माझं ठाम मत असं की नॉइज घालवण्याचं निम्मं काम सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधीच होतं. दिसेल तिथे कपॅसिटर लावत सुटलं तर कधीतरी बिघाड थांबतो, पण का थांबला ते कळत नाही आणि दोन महिन्यांनी तो परत येतो. तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: नॉइज कुठे तयार होतो, कुठल्या वाटेने येतो आणि कोण त्याला बळी पडतं. त्यातही वाट सगळ्यात महत्त्वाची, कारण चुका तिथेच जास्त होतात.

सुरुवात वही-पेनाने

पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीही न बदलता नुसतं बघा. बिघाड झाला की लिहा: ट्रॉली नेमकी कुठे होती, वेग किती होता, त्या क्षणी दुसरं काय चालू झालं. नेहमी एकाच जागी होत असेल तर तिथे रुळाचा सांधा, घाणेरडा पट्टा किंवा वरच्या तारेतला फ्रॉग (तार दोन वाटांना फुटते तिथला तुकडा) असतो आणि ट्रॉलीच्या डोक्यावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या खांबाचं चाक तिथे क्षणभर उडतं. रिले ‘टिक’ करताना होत असेल तर संशय त्याच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यावर. पॉइंट मोटर (रुळांची वाट बदलणारी मोटर) फिरवताना होत असेल तर पुरवठ्याच्या वायरवर. खोलीतला पंखा किंवा दिवा बंद करताना होत असेल तर नॉइज बाहेरून येतोय. दिवसाच्या ठरावीक वेळीच होत असेल आणि सेन्सर इन्फ्रारेडचा असेल, तर आधी खिडकीकडे बघा. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि साधा फोटोट्रान्झिस्टर त्याने पार भरून जातो. हा नॉइज नव्हे. यावर उपाय म्हणजे सेन्सरवर काळी नळी बसवणं.

रीड स्विचच्या (चुंबक जवळ आला की मिटणाऱ्या स्विचच्या) बाबतीतही एक गोष्ट आधीच तपासून घ्या. ट्रॉलीच्या पोटातला चुंबक थोडा तिरका बसला असेल तर एकाच फेरीत रीड दोनदा मिटतो. एकदा चुंबकाच्या एका बाजूला, एकदा दुसऱ्या. फ्लिपफ्लॉपला ते दोन वेगळे इशारे वाटतात. ट्रॉली हाताने हळू ढकलून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ‘बीप’ किती वेळा वाजतो ते मोजा. मोटर बंद असतानाही दोन बीप आले, तर पुढचा सगळा खटाटोप वाचला.

वेळेचं गणित

खरा सिग्नल किती वेळ टिकतो आणि नॉइज किती वेळ, हे एकदा मोजून ठेवलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

समजा १:८७ प्रमाणातली ट्रॉली खऱ्या जगातल्या ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने धावतेय. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. त्याला ८७ ने भागलं की सेकंदाला साधारण १२८ मिलिमीटर. चुंबकाचा प्रभाव रुळाच्या १० मिलिमीटर लांबीवर असेल तर रीड सुमारे ७८ मिलिसेकंद मिटलेला राहतो. १:४८ प्रमाणात तोच वेग धरला तर सेकंदाला सुमारे २३० मिलिमीटर, म्हणजे ४३ मिलिसेकंद.

आता नॉइज बघा. तीन पोलची छोटी मोटर मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात ब्रशखालचे पट्टे सहा वेळा बदलतात, म्हणजे सेकंदाला ६०० ठिणग्या. त्यातली एकेक ठिणगी काही मायक्रोसेकंदांत संपते. रिलेच्या कॉन्टॅक्टचं उडणं काही मिलिसेकंदांत आवरतं आणि रीडचं त्याहून लवकर.

एकीकडे ४० मिलिसेकंदांच्या वरचा सिग्नल, दुसरीकडे मायक्रोसेकंदांपासून चार-पाच मिलिसेकंदांपर्यंतचा नॉइज. मध्ये केवढी मोकळी जागा आहे! पाच ते दहा मिलिसेकंदांच्या आत संपणारं काहीही सर्किटने मोजायचं नाही, एवढा एकच नियम पाळता आला तरी पुष्कळ बिघाड संपतात. अडचण अशी की फ्लिपफ्लॉपला स्मरणशक्ती असते. एक मायक्रोसेकंदाचा झटकाही त्याला पुरतो आणि एकदा उलटला की तो तसाच राहतो. साधा दिवा लावणाऱ्या सेन्सरमध्ये असा झटका कुणाच्या डोळ्यांना दिसलाही नसता.

मल्टिमीटरवर हे शोधू नका. तो सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. ऑसिलोस्कोप असेल तर ट्रिगर नॉर्मल मोडवर ठेवा, एकाच झटक्यावर थांबू द्या आणि प्रोबची ग्राउंड क्लिप शक्य तितकी आखूड ठेवा. लांब क्लिप स्वतःच अँटेना होते आणि सर्किटमध्ये नसलेला नॉइज पडद्यावर दाखवते. बहुतेक मेनवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, हेही लक्षात ठेवा. ती रुळाला लावण्याआधी ट्रॉलीचा पुरवठा अर्थपासून वेगळा आहे याची खात्री करा.

स्कोप नसला तरी काही अडत नाही. मायक्रोकंट्रोलरचा एखादा सुटा बोर्ड असेल तर सेन्सरची वायर त्याच्या इंटरप्टला (झटका येताच प्रोग्रामला जागं करणाऱ्या पिनला) जोडा आणि प्रत्येक झटक्याची लांबी मायक्रोसेकंदांत छापून घ्या. दहा मिनिटांत कागदावर दोन ढीग दिसतात: एक ४०,००० च्या वरचा, दुसरा शे-दोनशेचा. दुसरा ढीग नॉइजचा.

तीन प्रयोग

आता संशयितांना एकेक करून बाजूला काढायचं. एका वेळी एकच बदल करा आणि निकाल वहीत लिहा.

पहिला प्रयोग बॅटरीचा. सेन्सर आणि त्याचा बोर्ड नेहमीच्या पुरवठ्यावरून काढून बॅटरीवर चालवा. पाच व्होल्टच्या सर्किटला चार रिचार्जेबल सेल पुरतात. ट्रॉली मात्र नेहमीसारखीच चालू द्या. बॅटरीवर बिघाड थांबला, तर नॉइज पुरवठ्यातून किंवा सामायिक ग्राउंडमधून येतोय. थांबला नाही, तर तो सेन्सरच्या वायरवर हवेतून किंवा शेजारच्या वायरीतून उडी मारतोय. एक काळजी घ्या: ‘कॉमन तर लागतंच’ म्हणून बॅटरीची निगेटिव्ह जुन्या ग्राउंडला जोडली, तर प्रयोगच फुकट जातो. रिले चालवायला जोड हवाच असेल तर तेवढ्यापुरता रिले काढून ठेवा आणि आउटपुटवर एलईडी लावा.

दुसरा प्रयोग खोट्या ट्रॉलीचा. ट्रॉली उचलून ठेवा आणि वरची तार आणि रूळ यांच्यामध्ये १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. १२ व्होल्टला त्यातून १२० मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे छोट्या ट्रॉलीएवढाच भार, फक्त ठिणग्यांशिवाय. दीड वॉट उष्णता होते, तेव्हा तो प्लॅस्टिकवर टेकवू नका. या भारावर सगळं शांत असेल तर मोटरचे ब्रश, चाकं किंवा खांब यांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे. तरीही गडबड झाली तर कंट्रोलर किंवा पॉवर सप्लायकडे वळा. आता तोच रेझिस्टर हाताने जोडा-काढा. तेवढ्यानेच फ्लिपफ्लॉप उलटला, तर खांब उडण्याची नक्कल तुम्हाला टेबलावर सापडली. हवा तेव्हा घडवता येणारा बिघाड म्हणजे अर्धा सुटलेला बिघाड.

तिसरा प्रयोग वायर तोडण्याचा. सेन्सरची वायर बोर्डापाशी काढा आणि इनपुटवर फक्त पुलअप रेझिस्टर (इनपुटला पुरवठ्याच्या पॉझिटिव्हकडे ओढून धरणारा) ठेवा. ट्रॉली पळवा. बिघाड थांबला तर नॉइज त्या वायरीने येत होता. चालूच राहिला तर वायर निर्दोष आहे, बोर्डाच्या पुरवठ्यात किंवा बोर्डावरच काहीतरी आहे.

एक जुनी युक्ती सांगतो, मला ती अजूनही फार आवडते. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि लेआउटवरून हळूहळू फिरवा. मोटरच्या ठिणग्या खरखरीसारख्या ऐकू येतात आणि ट्रॉलीच्या वेगाबरोबर खरखरीचा सूर चढतो. स्विचिंग पॉवर सप्लाय सलग गुणगुणतो. खांब फ्रॉगवर उडाला की ‘टक्’ असा तुटका आवाज येतो. रेडिओ सेन्सरच्या वायरीवरून सरकवताना खरखर वायरीच्या रेषेत पुढे पुढे जात राहिली, तर ती वायर नॉइज वाहून नेतेय.

वाट: परतीची वायर

इथे थोडं रेंगाळायचं आहे. माझ्या स्वतःच्या लाइनवर मी जवळजवळ तीन आठवडे याच जागी अडकलो होतो.

मांडणी अशी होती: ट्रॉलीला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा, सेन्सरला वेगळा ५ व्होल्टचा. वरची तार एक ध्रुव, दोन्ही रूळ मिळून दुसरा ध्रुव, ही ट्रॉली मॉडेलची नेहमीची पद्धत. दूरच्या टोकाला इन्फ्रारेड सेन्सरचं मॉड्यूल होतं. तिथून कंट्रोल बोर्डापर्यंत तीन मीटर वायर. वायर वाचावी म्हणून रुळाची परतीची वायर आणि सेन्सरचं ग्राउंड मी एकाच वायरीवरून आणलं होतं. ट्रॉली मधल्या फ्रॉगवरून गेली की दहातून सहा-सात वेळा उलटी फिरायची.

मी वायरीचा रेझिस्टन्स मोजला. पाव ओहमच्या आसपास. ट्रॉली ०.४ अँपिअर घेते, म्हणजे ०.१ व्होल्ट पडणार. ०.१ व्होल्टने पाच व्होल्टच्या सर्किटला काय होणार, असं म्हणून मी ती वायर संशयितांच्या यादीतून काढली आणि सेन्सरच्या मागे लागलो. चूक तिथेच झाली. करंट स्थिर असताना रेझिस्टन्स मोजायचा असतो. करंट तुटतो तेव्हा मोजायचं असतं ते वायरीचं इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला वायरीचा होणारा विरोध. सरळ वायरीला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री धरतात. तीन मीटरला ३. खांब उडाला आणि ०.४ अँपिअर ०.१ मायक्रोसेकंदात तुटले, तर त्या वायरीच्या दोन टोकांत १२ व्होल्टचा झटका बसतो. दूरच्या मॉड्यूलचं ‘शून्य’ क्षणभर शून्यच राहत नाही. मॉड्यूलमधला कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी) गोंधळतो, आउटपुट खाली येतं आणि फ्लिपफ्लॉप उलटतो.

उपाय पाच मिनिटांचा होता. रुळाच्या परतीसाठी वेगळी जाड वायर टाकली, सेन्सरचं ग्राउंड स्वतंत्र बोर्डापर्यंत आणलं आणि दोन्हींचा संबंधच ठेवला नाही. त्या दिवसापासून त्या फ्रॉगवर ट्रॉली एकदाही उलटली नाही. ठिणगी मात्र आजही तशीच पडते.

म्हणून नियम सरळ आहे: ज्या वायरीतून मोटर, रिले किंवा पॉइंट मोटर यांचा करंट वाहतो, तिच्यावर सेन्सरचं ग्राउंड टांगू नका. प्रत्येकाची परतीची वायर वेगळी आणा आणि जोडायचीच असतील तर पुरवठ्याच्या टर्मिनलपाशी, एकाच बिंदूवर जोडा. पॉइंट मोटरचं उदाहरण तर रेझिस्टन्सनेही पटतं. बारीक ०.२२ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे ०.०८ ओहम. चार मीटरला ०.३ च्या वर. कॉइलने ३ अँपिअर ओढले की जवळजवळ एक व्होल्ट गेला. पाच व्होल्टच्या साध्या मायक्रोकंट्रोलरला ‘लो’ म्हणून साधारण १.५ व्होल्टपर्यंतच चालतं, त्यातला दोन तृतीयांश भाग इथेच संपला.

ट्रॉली आणि सेन्सर एकाच पुरवठ्यावर असतील आणि रिलेने पोलॅरिटी बदलत असेल, तर रुळाला सेन्सरचं ग्राउंड मुळीच जोडू नका. एका दिशेला सगळं ठीक दिसेल आणि दिशा बदलताच शॉर्ट होईल.

सेन्सरची सिग्नल वायर आणि तिचंच ग्राउंड एकमेकांना पीळ घालून आणा, दर दोन-तीन सेंटिमीटरला एक वेढा. पिळामुळे दोन्ही वायरींवर सारखाच नॉइज चढतो आणि दोघांतला फरक लहान राहतो. पुरवठ्याची वायरही त्याच पिळात घेतली तर उत्तम. रुळाला वीज पुरवणाऱ्या फीडर वायरीशेजारी सेन्सरच्या वायरी मीटरभर समांतर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. सगळ्या वायरी एका सुबक जुडीत बांधण्याचा मोह होतो, पण खालून देखणं दिसणारं ते वायरिंगच कित्येक लेआउटमधल्या भुताटकीचं मूळ असतं. शिल्डेड केबल वापरली तर शिल्ड फक्त बोर्डाच्या टोकाला जोडा. दोन्ही टोकांना जोडली की तीच परतीची आणखी एक वाट होते.

उगम: ठिणगी जिथे पडते तिथेच दाबायची

मोटरच्या दोन ब्रश टर्मिनलांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, ५० व्होल्टचा. पाय अगदी आखूड ठेवा आणि मोटरवरच सोल्डर करा. रुळाशी किंवा कंट्रोलरपाशी लावलेल्या कपॅसिटरने हे काम होत नाही, तोवर मधली सगळी वायर अँटेना झालेली असते. एवढ्याने भागलं नाही तर प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या आवरणाला ४७ नॅनोफॅरडचे दोन जोडा. आवरणाचा रंग किंवा थर खरवडून, आयर्न चांगलं गरम करून, पटकन सोल्डर करा. मोटर फार तापली तर आतल्या चुंबकाला आणि प्लॅस्टिकला धक्का बसतो. ट्रॉलीत डिजिटल डीकोडर (रुळातून आलेले हुकूम वाचून मोटर चालवणारा बोर्ड) असेल तर आधी त्याचं माहितीपत्रक वाचा. काही डीकोडर मोटरचा बॅक-ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज) मोजून वेग सांभाळतात आणि हा कपॅसिटर त्यांच्या मापात लुडबुड करतो. डिजिटल लाइनवर रुळांमध्ये मोठा कपॅसिटर तर लावूच नका, सिग्नलच्या कडा बोथट होतात.

चाकं, रूळ, खांबाचं चाक स्वच्छ ठेवणं हाही नॉइजचाच उपाय. ब्रशची धूळ कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या पट्ट्यांच्या) फटींत साचली की ठिणग्या वाढतात. लाकडाच्या टोकदार काडीने त्या फटी साफ करा, सुईने नको.

डीसीवर चालणाऱ्या रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच, १एन४००७ चालतो. पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. याने रिले सुटायला थोडा जास्त वेळ लागतो, ट्रॉलीच्या वेगाला तो जाणवतही नाही. रिलेच्या कॉन्टॅक्टवर, जिथे मोटरचा करंट तुटतो तिथे, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकामागे एक जोडून ती जोडी कॉन्टॅक्टच्या समांतर लावा. ट्रॉलीच्या मोटरवर मात्र साधा डायोड लावू नका. पोलॅरिटी बदलली की तो सरळ शॉर्ट करेल.

पॉइंट मोटरसाठी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणारं) वापरत असाल तर ते पॉइंट मोटरच्या शेजारीच ठेवा. मोठा झटका मग एका हाताच्या अंतरातच फिरतो आणि लांब वायरीतून फक्त चार्जिंगचा सौम्य करंट जातो. पुरवठा बंद केल्यावरही त्यातले हजारो मायक्रोफॅरड भरलेले असतात. हात घालण्याआधी रेझिस्टरने ते रिकामे करा. आणि पॉवर सप्लायची २३० व्होल्टची बाजू उघडून तिथे काहीही लावायला जाऊ नका. संशय असला तर अख्खा सप्लाय बदलून बघा.

बळी: सेन्सर आणि बोर्ड

प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या दोन पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, पिनांना चिकटून. बोर्डावर वायर येते तिथे ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. दूरच्या सेन्सर मॉड्यूलपाशीही हीच जोडी लावा. बहुतेकजण बोर्डाची काळजी घेतात आणि तीन मीटर लांबच्या मॉड्यूलला विसरतात.

मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या पुलअपवर विसंबू नका. एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरमध्ये तो २० ते ५० किलोओहमचा असतो. लांब वायरीवर इतका कमजोर पुलअप म्हणजे नॉइजला आमंत्रण. बाहेरून २.२ किलोओहम लावा, पाच व्होल्टला सव्वादोन मिलिअँपिअर होतात. एवढ्या करंटला हलवायला नॉइजलाही जोर लागतो आणि रीडचे कॉन्टॅक्टही चांगले राहतात.

मग फिल्टर. वायर बोर्डात शिरते तिथे १० किलोओहम सिरीजमध्ये आणि इनपुटपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. टाइम कॉन्स्टंट (फिल्टर प्रतिसाद द्यायला घेतो तो वेळ) एक मिलिसेकंद. मायक्रोसेकंदांचे झटके यात विरून जातात आणि ४० मिलिसेकंदांच्या सिग्नलला काहीच होत नाही. रिलेचं उडणंही गिळायचं असेल तर ०.४७ मायक्रोफॅरड करा. रीडच्या थेट दोन पायांत कपॅसिटर लावू नका. रीड मिटताना भरलेला कपॅसिटर त्यातून एकदम रिकामा होतो आणि नाजूक कॉन्टॅक्ट चिकटतात.

फिल्टरनंतर सिग्नलची कड मंद होते आणि साध्या गेटला मंद कड चालत नाही. उंबरठ्यावर रेंगाळताना तो चार वेळा वर-खाली होतो. म्हणून मध्ये श्मिट ट्रिगर (चढताना आणि उतरताना वेगवेगळा उंबरठा असलेला गेट) घ्या: पाच व्होल्टला ७४एचसी१४, बारा व्होल्टला सीडी४०१०६. न वापरलेल्या गेटचे इनपुट ग्राउंडला बांधा, लोंबकळत सोडू नका. इन्फ्रारेडसाठी एलएम३९३ हा कंपॅरेटर वापरत असाल तर त्याला हिस्टरिसिस, म्हणजे दोन उंबरठ्यांमधली दरी, द्या. स्वस्त मॉड्यूलमध्ये ते सहसा नसतं. पॉझिटिव्ह इनपुटला १० किलोओहममधून सिग्नल आणि आउटपुटपासून त्याच इनपुटला १ मेगाओहम, म्हणजे पाच व्होल्टवर साधारण ५० मिलिव्होल्टची दरी. ट्रॉलीच्या लाइनवर मला ते कमी वाटतं. १ मेगाच्या जागी २२० किलोओहम लावला की दरी दोनशेच्या वर जाते. ट्रॉली सेन्सरसमोर हळू सरकताना पूर्वी एलईडी जो थरथरायचा, तो आता एकदाच, ठामपणे पेटतो.

५५५ हा टायमर आयसी वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. त्याची २ नंबरची ट्रिगर पिन फार हळवी असते. तिला पुलअप आणि फिल्टर दोन्ही हवेत. ४ नंबर रिसेट पिन मोकळी ठेवू नका, पुरवठ्याला जोडा. ५ नंबरवर १० नॅनोफॅरड. आणि जुन्या बायपोलर ५५५ चं आउटपुट बदलताना तो स्वतःच पुरवठ्यातून मोठा झटका ओढतो, शेजारचा फ्लिपफ्लॉप त्यानेही उलटू शकतो. सीमॉस ५५५ मध्ये हा त्रास खूपच कमी.

३८ किलोहर्ट्झचे इन्फ्रारेड रिसीव्हर उन्हाला चांगलं तोंड देतात, पण त्यांच्या पुरवठ्यात १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड द्या. त्यांना सलग ३८ किलोहर्ट्झ पाठवत राहिलं तर त्यांतले बरेचसे तो नॉइज समजून दुर्लक्ष करतात. छोट्या तुकड्यांत, मध्ये खंड ठेवून पाठवा.

एवढं करूनही वायर फारच लांब असेल तर ऑप्टोकपलर (वायरीऐवजी प्रकाशातून सिग्नल पुढे नेणारा आयसी) घ्या. सेन्सरच्या बाजूला १२ व्होल्ट, २.२ किलोओहम आणि पीसी८१७ चा एलईडी, मिळून पाचेक मिलिअँपिअर. नॉइजला आता नुसता व्होल्टेज पुरत नाही, करंट द्यावा लागतो. दोन्ही बाजूंची ग्राउंड मात्र कुठेही जोडू नका, नाहीतर ऑप्टोकपलर लावून न लावल्यासारखाच.

प्रोग्राममध्ये सेन्सरसाठी इंटरप्ट वापरू नका. इंटरप्ट झटका पकडण्यासाठी असतो आणि आपल्याला तो सोडायचा आहे. दर मिलिसेकंदाला पिन वाचा, सलग आठ वेळा तेच उत्तर आलं तरच माना, मध्ये एकदा जरी वेगळं आलं तरी मोजणी शून्यावर न्या. शिवाय ट्रॉली नुकतीच टोकावरून फिरली असेल तर पुढचे दोन सेकंद त्या टोकाचा सेन्सर बघूच नका. ट्रॉलीला तिथे परत यायला तेवढा वेळ लागतोच.

करंटवरून ओळखणारे डिटेक्टर

हे डिटेक्टर रुळाच्या एका तुकड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, करंट वाहतोय का ते बघून ट्रॉली ओळखतात. इथे तक्रार थोडी वेगळी असते. ट्रॉली जागेवर असूनही ‘ब्लॉक रिकामा’ असा इशारा लुकलुकतो. बहुतेकदा तो नॉइज नसतो, चाकाचा संपर्क खरोखरच तुटतो. उचलताना पटकन आणि सोडताना उशिरा, असा डिटेक्टर करा. ‘रिकामा’ म्हणण्याआधी एक सेकंद थांबा. डिजिटल लाइनवर उलट तक्रार येते: ट्रॉली नसताना ब्लॉक भरलेला दिसतो. डीसीसी या डिजिटल नियंत्रण पद्धतीत ‘१’ चा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो आणि ‘०’ चा साधारण १०० चा, म्हणजे रुळावर पोलॅरिटी सतत उलटत असते. लांब फीडरच्या दोन वायरींमधल्या कपॅसिटन्समधूनच थोडा करंट गळतो आणि संवेदनशील डिटेक्टर फसतो. डिटेक्टर रुळाजवळ न्या, त्याच्यापुढची वायर आखूड करा, मगच संवेदनशीलता कमी करण्याकडे वळा.

शेवटची तपासणी

दुरुस्ती झाली असं वाटलं की सगळ्यात वाईट परिस्थिती मुद्दाम तयार करा. चाकं दोन दिवस साफ करू नका, वेग कमीत कमी ठेवा, पॉइंट मोटर पुन्हा पुन्हा फिरवा आणि खोलीतले दिवे चालू-बंद करा. झटके मोजणारा तो बोर्ड फिल्टरच्या आधीच्या बिंदूवर जोडून ठेवा आणि शंभर फेऱ्या होऊ द्या. फिल्टरच्या आधी झटके कमी झालेले दिसले, तर वाट आणि उगम यांवरचं काम लागू पडलं. फेऱ्या बिनचूक होताहेत पण आधीचे झटके तेवढेच आहेत, याचा अर्थ सगळा भार एकट्या फिल्टरवर आहे. मग परत परतीच्या वायरीपाशी जा आणि ती कुठे कुणाशी वाटून घेतली आहे ते बोटाने मागोवा घेत बघा. प्रत्येक टर्मिनलपाशी त्या वायरीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: कुणाचा करंट, कुठून कुठे.